हात शाबूत असताना

डॉक्टरकी सोडण्याची समाजमान्य कारणं फार थोडी आहेत. आजारपण, वय, परगावी बदली झालेला जोडीदार. फार तर टेबलावर झालेली एखादी अशी चूक, की जिच्यानंतर माणूस आपणहून मागे सरतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही. ज्या बाईंविषयी हे लिहायचं आहे, त्यांच्यापाशी यांपैकी एकही कारण नव्हतं. त्यांचा हात स्थिर होता, नजर साफ होती, घरचं बरं चाललं होतं, आणि त्यांच्या टेबलावरून उठून घरी गेलेली माणसं गावभर धडधाकट हिंडत होती. तरीही त्यांना शस्त्रक्रिया सोडायची होती. हे म्हणणं ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं, हे एक वेळ समजण्यासारखं आहे. परंतु त्याऐवजी सगळ्यांनी मिळून त्यांना एक आजार देऊ केला, आणि तो घ्यायला त्यांनी साफ नकार दिला.

रुग्णालयात त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. मॅडम पुष्कळ होत्या, बाई एकच. पोटाच्या शस्त्रक्रिया हे त्यांचं काम: पित्ताशय, आतडी, हर्निया, मध्येच केव्हातरी फुटलेलं अपेंडिक्स. वरच्या मजल्यावरच्या हिरवट भिंतींच्या थिएटरमध्ये त्या येऊन उभ्या राहिल्या की इतरांचं बोलणं आपोआप कमी होई. हत्यार मागायला त्या तोंड उघडत नसत. तळहात पुढे यायचा, आणि तो किती उघडा आहे, कुठल्या अंगाला कललेला आहे, यावरून सिस्टरला कात्री हवी की चिमटा ते कळायचं. “बाईंचा हात बोलतो,” असं सिस्टर नव्या आलेल्या मुलींना सांगायची, “तोंड फक्त जांभईपुरतं.”

या सगळ्याची सुरुवात झाली ती नवरा चष्मा विसरला म्हणून. नवरा भूमापन खात्यात. एक रस्ता रुंद करायचा होता आणि त्यावर लोकांच्या हरकती ऐकायला एका सभागृहात सुनावणी ठेवली होती. चष्मा पोचवायला बाई गेल्या आणि शेवटपर्यंत बसून राहिल्या. मंचाच्या कडेला एक तरुण दुभाषी उभी होती. पुढच्या रांगेतल्या कर्णबधिर माणसांसाठी ती सगळं खुणांच्या भाषेत सांगत होती. अधिकारी बोलत होता ते अत्यंत कंटाळवाणं होतं, पण तेच बोलणं त्या मुलीच्या हातांत गेलं की खडबडून जागं होत होतं. मग पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठला आणि हातवारे करत भांडू लागला. मुलगी आता त्याचा आवाज झाली. “माझ्या भिंतीला हात लावून तर बघा! तुमच्या टेबलाखालचे पाय मोजून ठेवलेत मी, एकही शाबूत ठेवणार नाही!” असं ती अधिकाऱ्याच्या तोंडावर ओरडली आणि सभागृह हसून लोळलं, कारण एरवी ती पोर झुरळालाही घाबरेल अशी दिसत होती.

घरी जाताना गाडीत बाई आपल्याच तळहातांकडे बघत होत्या.

“भूक लागलीय का?” नवऱ्याने विचारलं.

“नाही.”

“मग चिडलीयस?”

“नाही रे. मला ते करायचंय.”

“भिंत पाडायचीय?”

“ती मुलगी करत होती ते.”

यानंतर त्यांनी जे केलं ते नोकरीत असलेला, आणि नोकरीबद्दल कुठलीही तक्रार नसलेला माणूस करतो तेच: चोरून चौकशी केली. कर्णबधिरांच्या संघटनेचा वर्ग एका जुन्या कार्यालयांच्या इमारतीत भरत असे. तळमजल्यावर झेरॉक्सचं दुकान, पहिल्या मजल्यावर विमा एजंट, दुसऱ्यावर शहरातल्या नावाजलेल्या मेंदूविकारतज्ज्ञाचा दवाखाना आणि तिसऱ्यावर हा वर्ग. आठवड्यातली एक मोकळी दुपार बाईंनी वर्गाला देऊन टाकली. रुग्णालयात सांगितलं, कंबरेच्या व्यायामाला जाते. डॉक्टरांत वावरायचं तर आजाराइतकं बिनबोभाट खपणारं निमित्त नाही. ते त्यांनी वापरलं, आणि पुढे त्याचीच किंमत मोजावी लागली.

शिक्षिका स्वतः कर्णबधिर होती. जाड काचांचा चष्मा, पांढरे होऊ घातलेले केस आणि टेबलावर थाप मारून वर्ग जाग्यावर आणायची सवय. ती थाप लाकडातून थेट कोपरापर्यंत पोचायची. वर्गात एक बँकेतली मुलगी होती, एक बसवाहक होता, मूकबधिर शाळेत नव्याने लागलेले दोन शिक्षक होते. बाईंनी आपण ‘नोकरी करते’ एवढंच सांगितलं होतं. या भाषेत प्रत्येकाला एक खूणनाव असतं. ते आपलं आपण ठेवता येत नाही. इतरांनी आपल्याला पाहून द्यायचं असतं. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी बेसिनपाशी कोपरापर्यंत हात धुतले, ओले हात छातीसमोर उभे धरले आणि नळ कोपराने बंद करायला गेल्या. नळ साधा, गोल फिरकीचा. कोपर निसटलं आणि भिंतीवर आदळलं. मागे शिक्षिका उभी होती. वर्गात परतल्यावर तिने सगळ्यांसमोर कोपराने हवेला एक ढुशी दिली आणि बाईंकडे बोट दाखवलं. झालं बारसं. मग फळ्यावर लिहिलं, “डॉक्टर?” बाईंनी मान डोलावली. शिक्षिकेने पुढे लिहिलं, “असू दे. गृहपाठ सगळ्यांना सारखाच.”

हात लवकर तयार झाले. अडचण निघाली ती चेहऱ्याची. खुणांच्या भाषेत प्रश्न, नकार, शंका, टोमणा हे सगळं चेहऱ्यावर घडतं; हात नुसते हलवले तर ते वाक्य होत नाही. बाईंचं उभं आयुष्य मास्कमागे गेलेलं. भुवया त्यांच्या विलक्षण बोलक्या होत्या, कारण थिएटरमध्ये चेहऱ्याचा तेवढाच भाग उघडा असतो. नाकाखाली मात्र सगळी सामसूम. शिक्षिका वैतागून फळ्यावर लिहायची, “वरचा मजला चालू, खालचा बंद. भाडेकरू कुठे गेले?”

तेव्हा बाई सराव करू लागल्या. बैठकीत टेबलाखाली बोटं अक्षरं जुळवू लागली. हात धुण्याच्या खोलीतल्या आरशापुढे गाल फुगू लागले, ओठ एका कोपऱ्यात जाऊ लागले. कँटीनच्या रांगेत उभ्या असताना अंगठा आणि पहिलं बोट आपल्याच नादात एकमेकांवर फिरू लागले. इतर कुठल्याही कार्यालयात याचा अर्थ लोकांनी ‘बाईंचं कुठेतरी जमलंय’ असा लावला असता. पण इथे भोवती सगळे डॉक्टर होते, आणि डॉक्टरसमोर बोट जरी विनाकारण हललं तरी त्याला ते कंपवाताचं लक्षणच वाटतं. त्यात एके दिवशी त्या इमारतीच्या जिन्यावरून उतरताना त्यांना भूलतज्ज्ञाने पाहिलं. भूलतज्ज्ञ त्यांचा वर्गमित्र. देहाने ऐसपैस, जिभेने त्याहून. तो झेरॉक्स काढायला आला होता. त्याने वर पाहिलं, दुसऱ्या मजल्यावरची पाटी वाचली, आणि बाईंना हाक न मारता निघून गेला. ज्या माणसाने आयुष्यात कधी हाक मारायची सोडली नाही, त्याने त्या दिवशी मारली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत चहाच्या वेळी भूलतज्ज्ञ आणि अस्थिरोगतज्ज्ञ, म्हणजे रुग्णालयाच्या भाषेत ‘हाडवाले’, दोघेही नको इतके प्रेमळ झाले होते.

“घे,” म्हणत भूलतज्ज्ञाने कप पुढे केला. चहा काठाला टेकलेला.

“एवढा कशाला भरलास? सांडेल ना.”

“बघू या, सांडतो का.”

सांडला नाही. भूलतज्ज्ञाने हाडवाल्यांकडे पाहिलं. हाडवाल्यांनी पेन उचलून फेकलं.

“झेल!”

बाईंनी डाव्या हाताने झेललं. “काय चाललंय?”

“काही नाही गं,” भूलतज्ज्ञ म्हणाला. “बरं, याच पेनाने जरा तुझा पत्ता लिहून दे.”

“माझ्या घरी इतकी वर्षं जेवायला येतोयस. वाट विसरलास?”

“पिनकोड विसरलो.”

बाई लिहू लागल्या. लिहिता लिहिता त्यांच्या लक्षात आलं, की दोघंही पत्ता वाचत नाहीयेत. अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होतंय का ते बघताहेत. पुढचा शब्द त्यांनी मुद्दाम दुकानाच्या पाटीएवढा काढला.

“आता एक काम कर,” हाडवाले म्हणाले, “जरा खिडकीपर्यंत जाऊन बघ, माझी गाडी नीट लागलीय का.”

बाई खिडकीपर्यंत गेल्या आणि वळल्या. दोघांच्या नजरा त्यांच्या पावलांवर होत्या.

“हलतायत का?” बाईंनी विचारलं.

“काय?”

“माझे हात. चालताना. दोन्ही हलतायत ना? का एकच?”

हाडवाल्यांनी पेन उचलून खिशात टाकलं. मग भूलतज्ज्ञ अगदी हळू आवाजात म्हणाला, “आम्ही तुझेच आहोत गं. लपवू नकोस.”

खरं सांगून मोकळं होता आलं असतं. पण दुभाषीची परीक्षा तोंडावर आली होती, आणि बाईंचा बेत असा, की पास व्हायचं, मग राजीनामा द्यायचा, मग सांगायचं. हातात काहीतरी असताना सांगितलं तर लोक फार हसत नाहीत, असा त्यांचा हिशेब. त्या गप्प राहिल्या, परीक्षेला गेल्या आणि नापास झाल्या. हातांना उत्तम शेरा होता. नापास चेहऱ्यात.

त्याच आठवड्यात मोठ्या सरांनी बोलावलं. विभागप्रमुख मोठे सर म्हणजे ज्यांनी बाईंच्या बोटांत पहिल्यांदा सुरी नीट बसवून दिली ते. ते लवकरच निवृत्त व्हायचे होते आणि विभाग बाईंकडे यायचा होता, हे सगळ्यांनीच गृहीत धरलेलं. खोलीत भिंतीभर जुन्या तुकड्यांचे फोटो. सरांनी दार लावून घेतलं, जे ते कधी लावत नसत.

“बस. मला सगळं कळलंय. तू काही बोलू नकोस. वरती बोलून ठेवलंय मी. आधी तब्येतीची रजा, मग सल्लागार म्हणून नाव पाटीवर राहील, आणि मुलांना शिकव. हात गेला तरी डोकं आहे.”

“सर, हात गेलेला नाही.”

“सुरुवातीला असंच वाटतं.”

“सर, मी दुसऱ्या मजल्यावर जात नाही. तिसऱ्या मजल्यावर जाते.” आणि बाईंनी सगळं सांगितलं: सुनावणी, वर्ग, कंबरेची थाप, परीक्षा.

सर आधी हसले. मग हसायचे थांबले. “छंद म्हणून कर की. मीही बाग करतोच.”

“छंद नाही सर. काम म्हणून. हे सोडून.”

“पास झालीस?”

“नाही. नापास.”

“मग?”

“पुन्हा बसणार.”

सर बराच वेळ टेबलावरचा कागद सरळ करत राहिले. “आजार असता,” ते अखेरीस म्हणाले, “तर मी समजू शकलो असतो.”

या एका वाक्यात रुग्णालयाची सगळी नीती सामावलेली होती, आणि ती वाईट माणसाची नीती होती असं म्हणता येणार नाही. सर पुढे जे बोलले त्यात तथ्यही होतं. एक सर्जन घडवायला किती जणांचं रक्त आटतं. रांगेतल्या पेशंटने काय करायचं. धडधाकट सर्जन उठून चालता झाला की खाली शिकणाऱ्या पोरांनी त्यातून काय घ्यायचं. म्हणून त्यांचा तोडगा असा: सोमवारच्या मासिक बैठकीत ते स्वतः बाईंच्या तब्येतीचं सांगतील. बाईंनी फक्त गप्प बसायचं. मग काय शिकायचं ते शिकावं, कुणी विचारणार नाही.

“तुम्ही म्हणताय ते खरं आहे,” बाई म्हणाल्या. “पेशंटचं, पोरांचं, सगळं. याला माझ्याकडे उत्तर नाही.”

“मग?”

“उत्तर नाही, तरी जाणार आहे. आणि आजारी म्हणून जाणार नाही.”

“त्यात तुझं काय जातंय?”

“माझा हात जातो ना, सर. तो चांगला आहे आणि तो मी चांगला केलाय, तुम्ही शिकवलंत म्हणून. त्याच्या नावावर खोटं कशाला लावू?”

घरी आई भाजी निवडत बसली होती. तिला सरांचा तोडगा ऐकता क्षणीच पसंत पडला.

“हात म्हण ना मग. हात दुखतो म्हणावं. लोक हळहळतात तरी. नाहीतर म्हणतील, डोकं फिरलं.”

“आई, मला कुणाची हळहळ नकोय.”

“तुला नको असेल. मला लागते. चार बायकांत मला बसायचं असतं.” आईने एक किडकी शेंग बाजूला टाकली. “डॉक्टरची आई म्हणून बसलेय इतकी वर्षं. आता काय सांगू, लेक हातवारे करते?”

“हो. तेच सांग.”

“सांगते. आणि मग त्या विचारतील, कशानं झालं.”

नवरा शेजारीच बसला होता. आई आत गेल्यावर त्याने बाईंचा हात हातात घेतला. प्रेमाने घेतला, पण सोडेना. आणि बाईंच्या ध्यानात आलं, की तो हात धरून बसलेला नाही, बघतोय.

“तुला खरंच काही नाही ना?”

बाईंनी हात ओढून घेतला. “तूसुद्धा?”

“मी मोजणीवाला माणूस आहे. दोनदा मोजल्याशिवाय खुंटी ठोकत नाही.”

“मोज मग.” बाईंनी दोन्ही हात त्याच्या नाकासमोर पसरून धरले. राग इतका आला होता, की थरथरले असते तरी नवल नव्हतं. थरथरले नाहीत. नवऱ्याने चष्मा वर केला, खाली केला, हात नीट पाहिले आणि म्हणाला, “सरळ आहेत. मग सोमवारी गप्प बसायचं काही कारण दिसत नाही.”

रुग्णालयाच्या मासिक बैठकीची एक रीत आहे. महिनाभरात ज्याच्या हातून काही बिघडलं, त्याने उभं राहून ते सगळ्यांसमोर मांडायचं: रुग्णाचं वय, तक्रार, तपासणीत काय आढळलं, काय केलं, काय चुकलं. सबबी सांगायच्या नाहीत, आवाज चढवायचा नाही. त्या सोमवारी खोली नेहमीपेक्षा भरलेली होती. सर उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, “आजच्या विषयांकडे वळण्यापूर्वी, आपल्या एका सहकाऱ्याच्या प्रकृतीबद्दल मला जड अंतःकरणाने—”

“सर,” बाई उठल्या. “ही केस माझी आहे. मी मांडते.”

त्या पुढे जाऊन पडद्यापाशी उभ्या राहिल्या. हात मागे बांधले, जसे त्या कुठलीही केस मांडताना बांधत.

“रुग्ण स्त्री, वय चाळिशीपुढे, व्यवसाय सर्जन. तक्रार: नाही. रुग्णाने स्वतः डॉक्टर गाठलेला नाही. डॉक्टरांनी रुग्ण गाठला. पूर्वेतिहासात कंबरदुखी सांगितलेली आहे. ती खोटी. रुग्णाने वर्गाला जाण्यासाठी ती थाप मारली. त्याबद्दल रुग्ण दिलगीर आहे आणि यापुढे कुठलाही अवयव निमित्ताला वापरणार नाही.”

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

“लक्षणं. बैठकीत बोटांच्या अनैच्छिक हालचाली. त्या अनैच्छिक नाहीत. ती मुळाक्षरं आहेत. गेल्या बैठकीत औषधभांडाराचा अहवाल चालू होता तेव्हा रुग्णाने टेबलाखाली ‘आता पुरे’ असं तीनदा लिहिलं. चेहऱ्याचे आळेपिळे: तो गृहपाठ. मेंदूविकारतज्ज्ञाच्या इमारतीत ये-जा: मजला चुकीचा धरला गेला. तपासण्या. भरलेला कप, फेकलेलं पेन, पत्ता आणि खिडकी. रुग्णाची संमती न घेता झाल्या. चारही नॉर्मल.” त्यांनी भूलतज्ज्ञाकडे पाहिलं. “निदान: रुग्ण खुणांच्या भाषेची दुभाषी व्हायला निघालेली आहे. राजीनामा आज सकाळी दिला. उपचार काही नाही. घरी सोडावं.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती तशी खोली नव्हे. हाडवाल्यांनी हात वर केला.

“अगं, पण का?”

“मला ते जास्त आवडतं.”

“एवढंच?”

“तू हाडं का घेतलीस?”

“तेवढेच मार्क होते.”

“मग माझं कारण तुझ्यापेक्षा बरं आहे.”

हशा पिकला, आणि त्या हशात भूलतज्ज्ञ हसत नव्हता. “मला तरी सांगायचंस,” तो म्हणाला.

“तू विचारलंस कुठे? तू चहा दिलास.”

“पास झालात का बाई?” मागून एका कनिष्ठ डॉक्टरने विचारलं.

“नाही. चेहऱ्यात नापास.”

या वेळी हसण्यात थोडी चेष्टा होती. बाईंनी ती ऐकली, आणि खाली बघायच्या ऐवजी जिथून ती आली तिथेच बघत राहिल्या. हसणं आपोआप विरलं.

सर अजून उभेच होते. सर्वांसमोर त्यांचं वाक्य अर्धवट तोडलं गेलं होतं, आणि तसं यापूर्वी कुणी केलं नव्हतं. “बाईंनी केस छान मांडली,” ते म्हणाले. “पण स्वतःचं निदान रुग्णाने स्वतः करायचं नसतं. शंका निघाली आहे. मेंदूविकारतज्ज्ञाचं पत्र येईपर्यंत उद्याची शस्त्रक्रियांची यादी दुसऱ्याकडे.”

हा घाव बरोबर ठिकाणी होता. पत्र आणायला गेलं, तर आजाराचा संशय खरा होता असं ठरणार. न आणलं, तर नोटिशीचे सगळे आठवडे हात बांधून बसायचं, आणि मग बाई कशामुळे गेल्या याबद्दल कुणाच्या मनात शंकाच उरणार नव्हती.

“पेशंटसाठी म्हणत असाल तर तुमचं बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “पण पत्र आणणार नाही. आजारी नसल्याचा दाखला धडधाकट माणसाने का द्यावा? उद्या तुम्ही माझ्यासमोर उभे राहा. माझे मदतनीस म्हणून. हात हलला, तर हातातली सुरी काढून घ्या आणि पुढचं तुम्ही करा. मी सगळ्यांसमोर सांगते, मी वाद घालणार नाही.”

“मी मदतनीस?”

“माझ्या शिकायच्या वेळी मी होते तुमची. पुष्कळ वेळा.”

सरांनी कागद गोळा केले. “आठला या,” ते म्हणाले. “उशीर चालायचा नाही.”

बैठक संपून जिना उतरताना बालरोगतज्ज्ञ मागून आले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यांनी अगदी दबक्या आवाजात विचारलं, “त्या वर्गाला... वयाची अट वगैरे असते का हो?”

“नाही. कुणासाठी?”

“भाचीसाठी.”

“भाचीचं वय काय?”

बालरोगतज्ज्ञांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. “माझ्याएवढंच,” म्हणाले आणि दोन दोन पायऱ्या टाकत पसार झाले.

दुसऱ्या दिवशीचा पेशंट एक जाडजूड सुतार होता, पित्ताशयाचं दुखणं अंगावर काढलेला. दुर्बिणीतून काम होईना, तेव्हा पोट उघडावं लागलं. पित्ताशय यकृताला आणि भोवतालच्या सगळ्याला असं चिकटलेलं, की कुठला धागा कुठे जातो ते ओळखू येऊ नये. नेमका अवघड दिवस निघाला होता. भूलतज्ज्ञ डोक्यापाशी, अजून फुगलेला, यंत्राकडेच बघत. समोर सर, हातात ओढून धरायची वाकडी पट्टी, एखाद्या शिकाऊ डॉक्टरसारखे. बाकीच्यांना काही ना काही निमित्ताने आज याच थिएटरमधून काहीतरी न्यायचं होतं. दाराच्या काचेत डोकी येऊन जात होती.

बाईंनी सुरुवात केली. काही वेळाने एका जागी त्यांचा हात थांबला. सर एकदम पुढे झाले.

“काय झालं?”

“काही नाही. विचार करतेय.” बाईंनी मान वर केली नाही. “आणि सर, तुम्ही माझ्या हाताकडे बघताय. पट्टी सैल पडलीय. पोटात बघा आणि नीट ओढून धरा.”

सरांच्या भुवया मास्कवर ताठ झाल्या. मग त्यांनी पट्टी नीट ओढून धरली. रक्तवाहिनी मोकळी दिसू लागली. बाईंचा तळहात पुढे झाला, सिस्टरने त्यात चिमटा ठेवला, आणि त्यानंतर थिएटरमध्ये यंत्राच्या टिकटिकीखेरीज आवाज आला नाही. पित्ताशय अखेर सुटून बाहेर आलं तेव्हा भूलतज्ज्ञाने यंत्रावरची नजर काढून पहिल्यांदा बाईंकडे पाहिलं. “दाब उत्तम आहे,” तो म्हणाला. एवढंच म्हणाला, पण बाईंशी म्हणाला.

सर ग्लोव्ह्ज काढत उभे राहिले. त्यांच्या तळहातावर पट्टीचा वळ उठला होता.

“हात उत्तम आहे,” ते म्हणाले.

“माहितीये सर.”

“मग मी लोकांना काय सांगू?”

“हेच सांगा. हात उत्तम होता आणि ती गेली.”

सरांनी मान हलवली. होकार म्हणून की नुसतीच, ते कळलं नाही. यादीत अजून दोन नावं होती. बाई दाराकडे वळल्या आणि काचेपलीकडे ताटकळलेल्या डोक्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “पुढचा पेशंट घ्या.”